पहाटे साडेपाचच्या आधीचं दूध: एका दूध संस्थेचं पायथन अ‍ॅप क्लाउडवर नेताना

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावच्या प्राथमिक दूध संस्थेचं आहे. संस्थेच्या संमतीने लिहितो आहे. गाव, माणसं आणि होस्टिंग कंपनी यांची नावं काढली आहेत. मी यात बाहेरचा सल्लागार होतो. कोड माझा नव्हता आणि निर्णयही संस्थेचेच होते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं अ‍ॅप क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, चढवण्याच्या मार्गदर्शिका भरपूर मिळतात, पण त्यांतल्या बहुतेक पान उघडलं की संपतात. इथे खरं काम पान उघडल्यानंतर सुरू झालं, आणि म्हणूनच हे सविस्तर मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

संस्थेत गावातले काहीशे उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. मापाडी दूध मोजतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सांगतं, दरपत्रकावरून दर लागतो आणि नोंद होते. बिल दर दहा दिवसांनी निघतं: एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. त्यातून पशुखाद्य, उचल वगैरे कपात होऊन उरलेली रक्कम खात्यावर जमा होते.

सचिवांची पुतणी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला होती. तिने जँगो ४.२ (पायथनमध्ये वेब अ‍ॅप लिहिण्याचा तयार सांगाडा) वापरून नोंदी आणि बिलांचं अ‍ॅप लिहिलं. संस्थेच्या ऑफिसातल्या विंडोज पीसीवर ते वर्षभर बिनतक्रार चाललं. डेटाबेस एसक्यूलाइट, म्हणजे पीसीवरची एक फाइल. सर्व्हर म्हणून जँगोचा रनसर्व्हर, जो फक्त डेव्हलपमेंटसाठी आहे असं जँगोचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन बजावतं. रोज संध्याकाळी त्या फाइलची पेन ड्राइव्हवर कॉपी व्हायची. एका खोलीपुरती ही मांडणी पुरेशी होती.

मागणी काय होती

उत्पादकांना आपलं रोजचं दूध आणि बिल मोबाइलवर बघायचं होतं. दहाव्या दिवशी ऑफिसात रांग लागायची. "माझी फॅट मंगळवारी एवढी कमी कशी?" हा प्रश्न आठवड्याने विचारून उपयोग नसतो. त्याच दिवशी कळलं तर वैरण बदलली का, जनावर आजारी आहे का, हे घरात आठवतं. संचालक मंडळाने ठराव केला: अ‍ॅप इंटरनेटवर आणायचं.

ठरावातला हा एवढासा शब्द पुढे महागात पडणार होता. 'अ‍ॅप इंटरनेटवर आणणे' म्हणजे नोंद करण्याची जागा हलवायची, की फक्त बघण्याची सोय करायची, हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही. मी नंतर आलो, तोपर्यंत सगळ्यांनी पहिला अर्थ धरला होता.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय ऑफिसातलाच पीसी बाहेरून दिसेल असा करण्याचा होता. गावात इंटरनेट मोबाइल कंपनीच्या डोंगलवर. अशा जोडणीत एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून थेट पीसीपर्यंत पोचता येत नाही. टनेलची (पीसीने स्वतःच बाहेर उघडून ठेवलेल्या वाटेची) सोय करता आली असती, पण लोडशेडिंगमध्ये पीसी बंद, म्हणजे सगळंच बंद. शिवाय ज्या पीसीवर संस्थेचे हिशेब आहेत तो जगाला उघडा करणं कुणालाच पटलं नाही.

दुसरा पर्याय, भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर. स्वस्त, पूर्ण ताबा आपला. पण लिनक्सचे सुरक्षा अपडेट, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), सर्टिफिकेट, फायरवॉल, बॅकअप, हे सगळं आपणच बघायचं. पुतणीला जमलं असतं. पण तिच्या परीक्षा चालू असताना सर्व्हर बिघडला तर कोण बघणार? याला उत्तर नव्हतं.

तिसरा, तयार प्लॅटफॉर्म: गिटवर (कोडचा बदलांसह इतिहास ठेवणारी व्यवस्था) कोड ढकलायचा, बाकी तो बघतो. पायथनसाठी हा प्रकार नवा नाही. २००८ साली गूगल अ‍ॅप इंजिन सुरू झालं तेव्हा त्यावर फक्त पायथनच चालत असे. संस्थेने हाच पर्याय घेतला, आणि तो बरोबर होता असं मला आजही वाटतं.

फुकट योजनेचा मोह मात्र वेळीच सोडावा लागला. जुन्या ट्युटोरियलमध्ये अजूनही हेरोकूच्या फुकट योजनेचे धडे सापडतात, पण ती २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाली. इतर ठिकाणच्या फुकट योजनांत काही मिनिटं कुणी आलं नाही की अ‍ॅप झोपी जातं, आणि पुढच्या माणसाला ते जागं होईपर्यंत थांबावं लागतं. पहाटे कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तसं थांबवणं योग्य नव्हतं. कमीत कमी पैशांची, पण न झोपणारी योजना घ्यायचं ठरलं.

सर्व्हर कुठल्या देशात ठेवायचा, हाही प्रश्न होता. मुंबईचा पर्याय त्या प्लॅटफॉर्मवर नव्हता, म्हणून सिंगापूर निवडलं. त्याहून महत्त्वाची अट मी घातली होती ती वेगळी: अ‍ॅप आणि डेटाबेस एकाच ठिकाणी हवेत. एक पान उघडायला अ‍ॅप डेटाबेसशी पन्नास वेळा बोलत असेल आणि दोघांमध्ये समुद्र असेल, तर प्रत्येक फेरीचा विलंब पन्नासपट होऊन अंगावर येतो. माणूस आणि सर्व्हर यांच्यातलं अंतर मात्र पानागणिक मोजक्याच फेऱ्यांपुरतं जाणवतं.

पहिली उभारणी

पहिलाच बिल्ड (कोड सर्व्हरवर चालण्याजोगा करण्याची पायरी) पडला. रिक्वायरमेंट्सची फाइल, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींची यादी, पिप फ्रीझ या कमांडने काढलेली होती, म्हणजे त्या पीसीवर जे जे बसवलं होतं ते सगळं तीत आलेलं. त्यात पायविन३२ (विंडोजच्या सोयी वापरू देणारी लायब्ररी) होतं, आणि ते लिनक्सवर बसतच नाही. पुतणीने ती ओळ काढली आणि बिल्ड पुढे सरकला. मी तिला तिथेच थांबवून विचारलं, की ही ओळ यादीत आली कशी? त्याचं उत्तर मोठं निघालं. ते बिलांच्या भागात सांगतो.

बाकीच्या पायऱ्या नेहमीच्या. रनसर्व्हरच्या जागी गुनिकॉर्न हा खऱ्या वापरासाठीचा सर्व्हर आला. तो विंडोजवर चालत नाही, म्हणून तिने तो कधी वापरलेला नव्हता. प्लॅटफॉर्म कुठल्या पोर्टवर ऐकायचं ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून) सांगतो, आठ हजार हा आकडा कोडमध्ये लिहून चालत नाही. सीक्रेट की, म्हणजे जँगोची गुप्त किल्ली, गिटमध्ये होती. ती नवी करून एन्व्हायर्नमेंटमध्ये हलवली. जुनी नुसती पुसून भागत नाही, कारण गिटच्या इतिहासात ती राहते. डिबग (चुका तपशिलात दाखवणारी सेटिंग) बंद केल्याबरोबर पानं उघडीनागडी दिसू लागली, सीएसएस (पानाची सजावट) गायब. डिबग बंद असताना जँगो स्टॅटिक फाइली (सीएसएस, चित्रं) स्वतः पाठवत नाही. त्यासाठी व्हाइटनॉइझ ही लायब्ररी बसवली. तरी संस्थेचा लोगो दिसेना. फाइलच्या नावात एक अक्षर कॅपिटल होतं आणि टेम्प्लेटमध्ये स्मॉल. विंडोजला हा फरक चालतो, लिनक्सला नाही.

या किरकोळ अडचणी असल्या तरी सगळ्यांचं मूळ एक होतं. अ‍ॅप ज्या पीसीवर वाढलं, त्या पीसीकडून ते बरंच काही न सांगता घेत होतं. मी पुतणीला एक कोरा कागद घ्यायला सांगितला आणि वर लिहायला लावलं: 'हा पीसी अ‍ॅपला काय काय देतो?' डिस्क, घड्याळ, फॉन्ट, प्रिंटर, बसवलेलं सॉफ्टवेअर, फाइलच्या नावांचे नियम. घड्याळ तिने लिहिलं, पण समोर 'अडचण नाही' असा शेरा मारला. पीसीवर वर्षभर सगळ्या तारखा बरोबर येत होत्या, त्यामुळे तेव्हा तो शेरा रास्तच वाटत होता.

डिस्क आपली नाही

अशा प्लॅटफॉर्मवर अ‍ॅपला मिळणारी डिस्क सहसा तात्पुरती असते. नवा कोड चढवला किंवा अ‍ॅप पुन्हा सुरू झालं, की ती मूळ स्थितीत जाते. एसक्यूलाइटची फाइल तिथे ठेवली असती, तर प्रत्येक डिप्लॉयला नोंदी नाहीशा झाल्या असत्या. हे आधीच माहीत असल्याने नुकसान झालं नाही. पण निर्णय घ्यायचा होता: कायमची डिस्क विकत घेऊन एसक्यूलाइटच ठेवायचं, की पोस्टग्रेस या स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसवर जायचं?

एसक्यूलाइट या कामाला कमी पडलं नसतं, हे मी संस्थेला स्पष्ट सांगितलं. एका गावच्या संस्थेच्या नोंदी ते सहज पेलतं. पोस्टग्रेसच्या बाजूने कौल गेला तो बॅकअपमुळे. प्लॅटफॉर्म रोजचा बॅकअप घेणार आणि ठरावीक क्षणापर्यंत मागे जाता येणार, ही सोय पेन ड्राइव्हपेक्षा फार मोठी होती.

डेटा हलवताना दोन ठिकाणी अडलं. विंडोजच्या पॉवरशेलमधून डंपडेटा या (डेटा बाहेर काढण्याच्या) जँगो कमांडचं आउटपुट बाणाने फाइलमध्ये वळवलं, तर मराठी नावांचं एन्कोडिंग बिघडलं. पायथन यूटीएफ-८ मोडमध्ये चालवून आणि फाइलचं नाव कमांडलाच देऊन ते सुटलं. मग पोस्टग्रेसने काही नावं नाकारली: लांबी मर्यादेपेक्षा जास्त. एसक्यूलाइट ही मर्यादा तपासत नाही. जँगोचा फॉर्म तपासतो, पण ही नावं सुरुवातीला एक्सेलमधून एकदम भरली होती, फॉर्ममधून नाही. देवनागरीत ही मर्यादा लवकर ओलांडली जाते. 'श्री' हे वाचणाऱ्याला एक अक्षर दिसतं, पण साठवताना श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं होतात. रकाना रुंद केला आणि काम झालं.

साडेपाच

आता मुख्य भाग. संस्थेने एक अट आधीपासून धरली होती, आणि तिने पुढे सगळं वाचवलं: खरी नोंद पीसीवरच चालू ठेवायची, आणि शेजारी लॅपटॉपवरून तीच नोंद क्लाउडवर करायची. पूर्ण एक बिलाचा काळ दोन्ही जुळले, तरच पीसी बंद. ही अट सचिवांची. संचालकांपैकी एकदोघांना हे दुहेरी काम वाटत होतं, पण सचिव मागे हटले नाहीत.

हिवाळ्याचे दिवस होते. संकलन पहाटे पाचच्या सुमारास सुरू व्हायचं. पहिल्या संध्याकाळी संकलन संपल्यावर क्लाउडवरून गोषवारा छापला, तर तो पीसीच्या आकड्यापेक्षा थोडा कमी. नोंद करताना काही सुटलं असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवांनी आदल्या संध्याकाळचाच गोषवारा पुन्हा छापला. आकडा आणखी बदललेला. संपलेल्या पाळीचा आकडा रात्रीत बदलतो, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

"काका, नेट गेलं असेल मधेच," पुतणी म्हणाली.

"नेट गेलं तर कमी होईल," सचिव म्हणाले. "इथं काही जणांचं वाढलंय. कालच्या टँकरच्या पावतीशी ताळा लावून बघ."

हे वाक्य निर्णायक ठरलं. काही जणांचं कमी, काही जणांचं जास्त, म्हणजे नोंदी हरवत नव्हत्या, एकमेकींच्या जागी जात होत्या. पुतणीने लॉग उघडला. पहाटे ५:११ ला केलेल्या नोंदीसमोर वेळ होती २३:४१.

कोडमध्ये दोन गोष्टी घड्याळावरून ठरत होत्या: आजची तारीख, आणि पाळी. बाराच्या आत असेल तर सकाळ, नाहीतर संध्याकाळ. जँगोचा नवा प्रोजेक्ट तयार करताना सेटिंगमध्ये टाइम झोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो, आणि तो कुणी बदलला नव्हता. तरीही पीसीवर वर्षभर चूक दिसली नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लिनक्सवर जँगो सुरू होतानाच सेटिंगमधला टाइम झोन संपूर्ण प्रोसेसला लावतो. विंडोजवर तसं करण्याची सोय पायथनमध्ये नाही, म्हणून तिथे जँगो ते करत नाही. त्यामुळे पायथनला 'आता किती वाजले' विचारलं की विंडोजवर भारतीय वेळ मिळायची, आणि तोच कोड लिनक्सवर गेला की यूटीसी.

भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी दूध घालणाऱ्याची नोंद कालच्या तारखेला, आणि तास तेवीस, म्हणून 'संध्याकाळ'. तसंच संध्याकाळी पाच ते साडेपाचमध्ये आलेल्याची नोंद त्याच दिवशीच्या 'सकाळ' पाळीत. साडेपाचनंतर आलेल्यांचं सगळं बरोबर. दोष अर्ध्या तासाच्या दोन फटींत बसला होता, आणि त्याचा फटका नेमका सर्वांत लवकर येणाऱ्या उत्पादकांना बसत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर तारखा दुरुस्त करून भागलं असतं. पण अ‍ॅपमध्ये नियम होता: एका सभासदाची, एका तारखेची, एका पाळीची, एका जनावरप्रकाराची नोंद एकच. दुसरी आली तर जुनी बदलायची. मापाड्याने चुकीचा आकडा टाकला तर पुन्हा टाकून दुरुस्त करता यावा, म्हणून ही सोय होती. आता तिच्यामुळे आजच्या पहाटेचं दूध कालच्या संध्याकाळच्या दुधावर जाऊन बसत होतं, आणि कालचा आकडा पुसला जात होता. पुसलेलं परत आणायला क्लाउडवर काहीच नव्हतं. पीसीवर होतं, म्हणून एकाही उत्पादकाचा एक रुपया गेला नाही.

दुरुस्तीचे तीन पर्याय समोर होते. सर्वांत सोपा, सेटिंगमध्ये टाइम झोन एशिया/कोलकाता करायचा. एका ओळीचं काम, आणि लक्षणं लगेच गेली असती. दुसरा, तो बदल करून शिवाय कोडभर जिथे जिथे पायथनची नुसती तारीख घेतली आहे तिथे सेटिंगमधल्या टाइम झोनप्रमाणे तारीख देणारं जँगोचं लोकलडेट वापरायचं, म्हणजे सर्व्हरच्या टाइम झोनवर भिस्त राहत नाही. पुतणीने दुसरा पर्याय निवडला, आणि पहाटे ५:१० व संध्याकाळी ५:१० या दोन वेळा गोठवून चाचण्या लिहिल्या. त्या आधी नापास होताना पाहिल्या, मगच कोड बदलला.

तिसरा पर्याय सचिवांच्या एका प्रश्नातून आला. त्यांनी विचारलं, "पाळी घड्याळावरून कशाला ठरवता? टँकर उशिरा आला, लाइट गेली, तर सकाळचं संकलन बाराच्या पुढं जातं की. पाळी आम्ही उघडतो, आम्हीच बंद करतो." इतकी वर्षं वहीत हेच चालत आलं होतं. अ‍ॅप लिहिताना सोय म्हणून घड्याळ आलं, आणि व्यवसायाचा खरा नियम बाजूला पडला. आता मापाडी संकलन सुरू करताना 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ' पाळी उघडतो आणि शेवटी बंद करतो. बंद पाळीत नोंद जात नाही. दुरुस्ती करायची तर जुनी ओळ तशीच राहते, शेजारी नवी येते, कुणी केली आणि का केली ते लिहावं लागतं. लेखापरीक्षकांनाही तेच हवं होतं.

माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय. टाइम झोनची ओळ बदलून थांबले असते, तर पाळीचा दोष तसाच राहिला असता आणि एखाद्या लोडशेडिंगच्या दिवशी पुन्हा उगवला असता.

नोंद कुठे, दाखवायचं कुठे

चाचणीच्या काळातच एका पहाटे नेट खरोखर गेलं. पीसीवरचं काम चालू राहिलं, लॅपटॉप थांबला. तेव्हा ठरावातला तो न विचारलेला प्रश्न समोर आला: नोंद क्लाउडवर करायची गरज आहे का?

उत्पादकांना हवं होतं ते बघणं. नोंद करण्याची जागा फक्त एकच, ती संकलन केंद्रात. दूध थांबत नाही, ते नासतं. म्हणून नेटवर अवलंबून असलेली कुठलीही पायरी रांगेच्या आणि कॅनच्या मध्ये येऊ नये, असं मी सुचवलं. पुतणीला ते सुरुवातीला रुचलं नाही. दोन ठिकाणी डेटा म्हणजे जुळवाजुळव आली, आणि तिची हरकत योग्य होती. शेवटी अशी मांडणी ठरली: नोंद पीसीवर, पाळी बंद झाली की पीसी ती पूर्ण पाळी क्लाउडवर पाठवतो, नेट नसेल तर मिळेपर्यंत प्रयत्न करतो. प्रत्येक नोंदीला पीसीवरच एक कायमचा क्रमांक मिळतो, त्यामुळे तीच पाळी दोनदा पोचली तरी दुप्पट होत नाही. क्लाउडकडून पीसीकडे काहीच येत नाही. दिशा एकच असल्याने जुळवाजुळव सोपी राहिली.

याची किंमतही आहे. पीसी जळाला तर न पाठवलेली पाळी जाते. त्यासाठी फॅट मशीनजवळची कागदी चिठ्ठी पाळी क्लाउडवर पोचेपर्यंत फाडायची नाही, असा नियम झाला.

एक्सेलशिवाय बिल

पायविन३२ यादीत होतं, कारण बिल छापताना अ‍ॅप मागच्या मागे मायक्रोसॉफ्ट एक्सेल उघडून त्यातला नमुना भरत होतं. लिनक्सवर एक्सेल नाही. पीडीएफ पायथनमधून काढायचं ठरवलं तर मराठीची अडचण: सोप्या लायब्ररींपैकी काहींना जोडाक्षरं नीट बांधता येत नाहीत, 'उत्पादक' मधला त्प सुटा पडतो, वेलांटी भलतीकडे जाते. वीझीप्रिंटसारखी लायब्ररी पँगो या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीच्या मदतीने अक्षरं बरोबर बांधते, पण पँगो पिपने येत नाही, सिस्टिममध्ये बसवावं लागतं. देवनागरी फॉन्टही सोबत न्यावा लागतो, कारण विंडोजचे मंगल आणि निर्मला तिथे नसतात.

शेवटी पीडीएफच टाळलं. मोबाइलवर बिल साध्या वेब पानासारखं दिसतं, ज्याला कागद हवा त्याला ऑफिसातून पूर्वीसारखा एक्सेलचा मिळतो. काहींना हे अपुरं वाटेल. मला ते पुरेसं वाटतं: फोनचा ब्राउझर मराठी उत्तम दाखवतो, मग तेच काम सर्व्हरकडून कशाला करून घ्यायचं?

खातं कुणाच्या नावावर

प्लॅटफॉर्मचं खातं सुरुवातीला पुतणीच्या ईमेलवर होतं आणि पैसे तिच्या वडिलांच्या कार्डावरून जाणार होते. संस्थेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना वेगळी मंजुरी लागते, आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत ती कपात अनेकदा अडते. पैसे थकले की अ‍ॅप बंद, काही दिवसांनी डेटाबेसही.

मी इथे आग्रह धरला. संस्थेच्या नावाचा ईमेल, त्यावर खातं, पासवर्ड आणि रिकव्हरी कोड बंद पाकिटात संस्थेच्या कपाटात. बँकेकडून परदेशी व्यवहार ठरावीक मर्यादेत चालू करून घेतले. डोमेनही संस्थेच्याच नावावर. या कामाला कोडपेक्षा जास्त वेळ गेला, कारण सह्या, ठराव आणि बँकेच्या फेऱ्या.

क्लाउडवर काय जाऊ द्यायचं हेही तेव्हाच ठरलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा झाला आहे, पण कायदा नसता तरी उत्तर तेच असतं: बँक खात्याचे क्रमांक पीसीवरच राहतील. क्लाउडला सभासद क्रमांक, दूध, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम पुरते. लॉगिनसाठी एसएमएसचा ओटीपी ठेवायचा, तर भारतात त्यासाठी डीएलटी (दूरसंचार कंपन्यांकडची एसएमएस पाठवणाऱ्यांची) नोंदणी आणि मंजूर मजकूर लागतो. त्याऐवजी प्रत्येक सभासदाला बिलासोबत छापील पिन दिला, आणि चुकीचे प्रयत्न वाढले की खातं काही काळ कुलूपबंद होतं.

निकाल

दुसऱ्या चाचणीत पूर्ण बिलाचा काळ दोन्हीकडचे आकडे जुळले आणि पानं उत्पादकांसाठी खुली झाली. दहाव्या दिवसाची रांग संपली नाही, पण बदलली. आता लोक रक्कम विचारायला येत नाहीत, कपातीबद्दल बोलायला येतात. फॅटची तक्रार त्याच दिवशी येते, आणि तेव्हा नमुना अजून ठेवलेला असतो, त्यामुळे पुन्हा तपासता येतो. मापाड्याला आधी हे अडचणीचं वाटलं. नंतर त्यानेच सांगितलं, की वाद कमी झाले. एक वर्ग मात्र सुटला: ज्यांच्याकडे साधे फोन आहेत असे वयस्क उत्पादक. त्यांच्यासाठी पाळीचा गोषवारा छापून फलकावर लावतात.

पुन्हा करायचं तर

विकासाच्या पहिल्या आठवड्यापासून कोड लिनक्सवर चालवून बघायला हवा होता. विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) बसवता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. पायविन३२, कॅपिटल अक्षर, गुनिकॉर्न आणि घड्याळ, चारही गोष्टी वर्षभर आधी दिसल्या असत्या.

चाचणी बिलाच्या काळाच्या मध्येच सुरू झाली, तीही टाळता आली असती. एक, अकरा किंवा एकवीस तारखेच्या सकाळी सुरू केली असती, तर अकराच्या पहाटेचं दूध दहाच्या बिलात गेलेलं पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरलं असतं.

डेटाबेसचा बॅकअप रोज होतो, पण तो परत उतरवून पाहण्याचं काम बरंच उशिरा केलं. ते पहिला उत्पादक लॉगिन करण्याआधी व्हायला हवं होतं. आता दर तिमाहीला रिकाम्या डेटाबेसवर बॅकअप उतरवून एका जुन्या बिलाची बेरीज ताडून बघतात.

आणि तो ठराव. 'उत्पादकांना आपली नोंद रोज दिसावी' एवढंच त्यात लिहिलं असतं, तर नोंदीची जागा हलवायचा विचारच आला नसता आणि निम्मं काम वाचलं असतं.

सध्या देखभालीचा प्रश्न चर्चेत आहे. जँगो ४.२ ला सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल २०२६ पर्यंतच होत्या, म्हणून ५.२ वर जायचं आहे. त्या आवृत्तीला एप्रिल २०२८ पर्यंत पाठबळ आहे. पुतणी नोकरीसाठी पुण्याला गेली आहे. संचालक मंडळाने देखभालीसाठी वार्षिक रक्कम मंजूर केली, आणि गावातल्याच आयटीआय झालेल्या एका मुलाला ती दर रविवारी फोनवरून शिकवते आहे. त्याने स्वतः पहिला डिप्लॉय केला तो पाळी बंद झाल्यावर, दुपारी, म्हणजे काही चुकलं तर संध्याकाळच्या संकलनाआधी जुनी आवृत्ती परत आणायला वेळ मिळावा म्हणून.